बोल्टच्या जोडात भार कसा वाटला जातो आणि तो कसा मोजायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशन, पॅनेल, प्रेस टूल, कन्व्हेयर अशी कामं करणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी पायाचे, मग अडचणीचे. उदाहरणांत बहुतेक ठिकाणी एम१६ (व्यास १६ मिमी), ८.८ ग्रेडचा बोल्ट धरला आहे, कारण गाळ्यागाळ्यात तोच सापडतो. त्याचं ताणाचं क्षेत्रफळ १५७ चौ.मिमी आणि प्रूफ लोड (कायमचा न लांबता बोल्ट सोसतो तो कमाल भार) सुमारे ९१ किलोन्यूटन.

१. सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं एकाच टॉर्कला आवळले. मग भार सगळ्यांवर सारखाच आला ना?

नाही. रेंच फक्त पीळ मोजतो, बोल्टमधला ताण मोजत नाही. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या किंवा नटखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. घर्षण थोडं जरी बदललं तरी या उरलेल्या दहा टक्क्यांचं गणित पार बदलतं.

हिशोब असा : टॉर्क = घर्षणाचा गुणांक × ताण × व्यास. २१० न्यूटन-मीटरला कोरड्या, साध्या बोल्टचा गुणांक ०.२० धरला तर ताण सुमारे ६५ किलोन्यूटन येतो. शेजारच्या बोल्टच्या आट्यांना हेल्परनं ग्रीस लावलं आणि गुणांक ०.१४ झाला, तर त्याच टॉर्कला ९४ किलोन्यूटन, म्हणजे प्रूफ लोडच्याही वर. गंजलेल्या आट्यांचा गुणांक ०.२५ धरला तर ५२. तीन बोल्ट, रेंचचा ‘कट्’ तिन्ही वेळा एकाच आकड्यावर, आणि ताण ५२, ६५, ९४. म्हणून तपासणी अहवालात ‘सर्व बोल्ट २१० न्यूटन-मीटर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यातून भाराच्या वाटणीबद्दल काहीच कळत नाही.

२. ‘भाराची वाटणी’ मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की मोजमाप फुकट जातं.

पहिली, आवळताना बोल्टमध्ये बसलेला ताण, म्हणजे प्रीलोड. दुसरी, मशीन चालू झाल्यावर किंवा टाकी भरल्यावर बाहेरून येणाऱ्या ओढीतला किती भाग कोणत्या बोल्टनं उचलला (प्रश्न ८). तिसरी, पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात तेव्हा बोल्टवर येणारं कातरबल (प्रश्न ९ व १०). बोल्टच्या अक्षाला समांतर चिकटवलेलं स्ट्रेन गेज (लांबीतला सूक्ष्म बदल दाखवणारी पातळ पट्टी) पहिल्या दोन गोष्टी दाखवतं, तिसरी दाखवत नाही. कातरबलाचं मोजमाप पट्टीवर करायचं असतं, बोल्टवर नाही.

३. मोजण्याच्या कोणत्या पद्धती आहेत आणि किती भरवशाच्या?

टॉर्क रेंचवर ताणाचा अंदाज २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतो. आवळून बसवल्यावर नट ठरावीक अंश फिरवायचा, या पद्धतीत सुमारे १५ टक्के. उठाव असलेले इंडिकेटर वॉशर १० टक्क्यांच्या आसपास जातात, पण किमान ताण आला एवढंच ते सांगतात, किती जास्त झाला ते सांगत नाहीत. मायक्रोमीटरनं लांबी मोजली तर ३ ते ५ टक्के, अल्ट्रासॉनिकनं नीट कॅलिब्रेशन करून १ ते ३ टक्के, आणि गेज लावून यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद तपासायच्या यंत्रावर) कॅलिब्रेट केलेल्या बोल्टनं १ ते २ टक्के.

कडीसारखा लोड सेल वॉशरच्या जागी बसवणं सोपं वाटतं, पण त्यानं आवळपट्टीची (डोकं आणि नट यांच्यात आवळल्या जाणाऱ्या भागाची) जाडी आणि कडकपणा दोन्ही बदलतात. आखूड जोडात मोजलं जातं ते लोड सेल घातलेल्या जोडाचं, मूळ जोडाचं नव्हे. १०० मिमीच्या जोडात २० मिमीचा सेल चालून जाईल, ३० मिमीच्या जोडात तो घालू नका.

४. मायक्रोमीटरनं काम भागेल का?

बोल्टची दोन्ही टोकं हाताला लागत असतील आणि आवळपट्टी व्यासाच्या निदान पाचपट लांब असेल तर भागेल, आणि खर्चाच्या मानानं याहून चांगली पद्धत नाही. एम२० बोल्ट, १०० मिमी आवळपट्टी, ११० किलोन्यूटन ताण : बोल्ट ०.१७ ते ०.२२ मिमी लांबतो, गुळगुळीत दांडा किती आणि आटे किती यावर अवलंबून. ०.०१ मिमीच्या मायक्रोमीटरचा एक घर म्हणजे सुमारे ५ टक्के, म्हणून शक्यतो ०.००१ मिमीचा घ्या. तीच आवळपट्टी २५ मिमी असेल तर लांबी ०.०५ मिमीच्या आसपासच वाढते आणि हाताच्या दाबातली चूकही तेवढीच असते. मग ती पद्धत सोडून द्या.

टोकांना सेंटर ड्रिलनं बारीक खड्डा करून त्यात छर्रा ठेवून मोजलं तर रीडिंग एकाच जागी बसतं. डोक्यावर ग्रेडचे उठावदार आकडे असतात, त्यांच्यावर मायक्रोमीटर टेकवला की दर वेळी वेगळा आकडा येतो.

५. बोल्टवर स्ट्रेन गेज कसं लावायचं? दर वेळी वायर तुटते.

वायर तुटते कारण बोल्ट आणि भोक यांच्यात जागाच नसते. आयएस ८०० (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे एम१६ साठी भोक १८ मिमी, म्हणजे बाजूला सरासरी १ मिमी. त्यात गेज, लेप आणि वायर बसवून वर बोल्ट फिरवला की वायर चिरडणारच. यावर दोन उपाय आहेत.

एक, बोल्टच्या पोटातलं गेज. डोक्याच्या मध्यातून अक्षावर २ मिमीचं भोक दांड्याच्या मध्यापर्यंत पाडायचं, अॅसिटोननं धुऊन पूर्ण वाळवायचं, सुईनं तळापासून इपॉक्सी भरत वर यायचं (वरून ओतलं तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि गेज अर्धवट चिकटतं), मग नळीच्या आकाराचं गेज हळूच सरकवायचं आणि गेजबरोबर आलेल्या सूचनेप्रमाणे भट्टीत पकवायचं. भोकानं जाणारं क्षेत्रफळ ३.१ चौ.मिमी, म्हणजे एम१६ चं २ टक्के. गेज अक्षावरच असल्यामुळे बोल्ट वाकला तरी त्याचा परिणाम रीडिंगवर जवळजवळ येत नाही.

दुसरा, दांड्यावर समोरासमोर १८० अंशांवर दोन गेज. यात वाकणंही कळतं (प्रश्न १३), पण वायरसाठी डोक्यातून तिरकं भोक पाडून बाहेर वाट द्यावी लागते. पृष्ठभाग २२० आणि मग ४०० नंबरच्या कागदानं घासायचा, अॅसिटोननं पुसायचा तो एकाच दिशेनं आणि दर वेळी नव्या कापसानं. सायनोअॅक्रिलेटचा एक थेंब, अंगठ्यानं एक मिनिट दाब. गेज अक्षाशी तंतोतंत समांतर हवं. ते काही अंश तिरकं झालं की आवळतानाचा पीळ ताण म्हणून दिसायला लागतो.

दोन्ही उपायांत गेज डोक्यापासून आणि पहिल्या आट्यापासून निदान एक व्यास लांब ठेवा. पूर्ण आटे असलेला बोल्ट यासाठी घेऊ नका. नटमध्ये पहिला आटाच एकूण भाराच्या जवळपास एक तृतीयांश उचलतो, त्यामुळे नटजवळचं रीडिंग सरासरी ताण दाखवत नाही.

चिकटवल्यावर गेज आणि बोल्टमधला अवरोध मोजा, ५०० मेगाओमच्या वर हवा. पण पॅनेलच्या कामाचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) त्यावर लावू नका, गेज जळतं. ५० व्होल्ट किंवा त्याहून कमीवर चालणारं मीटर घ्या.

६. गेजचं रीडिंग मायक्रोस्ट्रेनमध्ये (लांबीतला बदल, दहा लाखात किती) येतं. ते किलोन्यूटनमध्ये कसं बदलायचं?

कागदावर : ६५ किलोन्यूटन भागिले दांड्याचं क्षेत्रफळ २०१ चौ.मिमी म्हणजे ३२३ मेगापास्कल, आणि त्याला २,०५,००० नं भागलं की सुमारे १,५८० मायक्रोस्ट्रेन. हा आकडा पडताळ्यासाठी ठेवा, अहवालात वापरू नका. प्रत्येक बोल्ट यूटीएमवर ओढून त्याची स्वतःची रेघ (भार विरुद्ध रीडिंग) काढा. शहरातल्या कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या मटेरियल लॅबमध्ये हे होतं.

बोल्ट जोडात जसा बसणार तसाच फिक्श्चरमध्ये बसवा : तोच नट, तेवढीच आवळपट्टी, नटबाहेर तेवढेच आटे. प्रूफ लोडच्या ७० टक्क्यांपर्यंत पाच पायऱ्यांत वर न्या, तसेच खाली आणा. असं तीनदा. पहिल्या फेरीत आटे बसतात आणि गोंद सैलावतो, म्हणून ती सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या रेघेचा उतार १ टक्क्याहून जास्त वेगळा आला, किंवा भार काढल्यावर रीडिंग शून्यावर परतलं नाही, तर ते गेज नीट चिकटलेलं नाही. तो बोल्ट बाजूला ठेवा. आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर नंबर कोरा. कॅलिब्रेशनचा कागद एका बोल्टचा आणि जोडात बसला दुसरा, हा घोटाळा फार होतो.

७. अल्ट्रासॉनिकनं आधीच आवळलेले बोल्ट न सोडता मोजता येतात का?

येत नाहीत. ध्वनिलहर डोक्यातून निघून टोकावरून परत यायला किती वेळ लागला, त्यातला फरक हे यंत्र मोजतं. सैल असतानाचा वेळ माहीत नसेल तर फरक कशापासून काढणार? आवळलेल्या जोडात एकच मार्ग : जोडावरचा बाहेरचा भार काढून घ्या, एका बोल्टचं रीडिंग घ्या, तो सोडा, पुन्हा रीडिंग घ्या, फरकावरून आधीचा ताण काढा, परत आवळा, मग पुढच्या बोल्टला हात लावा. एका वेळी एकच.

ताणामुळे बोल्ट लांबतो आणि पोलादातला ध्वनीचा वेगही कमी होतो. वेळेतला वाढीव फरक लांबीच्या हिशोबापेक्षा तिप्पट-चौपट दिसतो तो यामुळे. त्यासाठी त्याच बॅचच्या दोन-तीन बोल्टांवर कॅलिब्रेशन लागतं. दोन्ही टोकं सपाट आणि समांतर हवीत, मध्ये ग्लिसरीन.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. ३०० मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला एका अंशाचा फरक सुमारे २ टक्के चूक घालतो. डिसेंबरात सकाळी सातला १० अंशांवर सैल रीडिंग घेतलं आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३० अंशांवर आवळलेलं, तर ४० टक्क्यांची चूक नुसत्या उन्हामुळे. बोल्टवर चुंबकी थर्मोमीटर चिकटवा आणि यंत्रात तापमान भरा.

८. बाहेरून २० किलोन्यूटन ओढ दिली, बोल्टचं रीडिंग जेमतेम हललं. गेज खराब आहे का?

गेज बहुधा ठीकच आहे आणि जोडही चांगला आहे. नीट आवळलेल्या जोडात बाहेरची ओढ आधी पट्ट्यांमधला दाब कमी करते. बोल्टच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. पोलादी जोडात हा वाटा साधारण ०.१ ते ०.३ असतो. ६५ किलोन्यूटन प्रीलोड आणि ०.२ वाटा धरा : २० ची ओढ दिल्यावर बोल्ट ६९ वर जातो आणि पट्ट्यांमधला दाब ४९ वर उतरतो. ओढ ८१ च्या आसपास गेली की पट्ट्या सुटतात. तिथून पुढे प्रत्येक किलोन्यूटन थेट बोल्टवर.

म्हणून मोजताना ओढ पायरीपायरीनं वाढवा आणि ओढ विरुद्ध बोल्टचा ताण असा आलेख काढा. रेघ जिथे मोडून एकदम चढायला लागते तिथे तो बोल्ट सुटला. बारा बोल्टांच्या फ्लॅन्जमध्ये (पाइप किंवा टाकीच्या तोंडाची बोल्ट लावायची कडी) प्रत्येक बोल्टची रेघ वेगळ्या ठिकाणी मोडते. सर्वांत आधी मोडणारा बोल्ट शोधा. थकव्यानं (भार पुन्हा पुन्हा बदलल्यानं) तुटणार तो बहुधा तोच.

९. एका रांगेत सहा बोल्ट आहेत आणि पट्टी ओढली जाते. प्रत्येकावर सहावा हिस्सा?

पट्ट्या लवचिक असतात, त्यामुळे दोन टोकांचे बोल्ट सर्वांत जास्त उचलतात आणि मधले कमी. बोल्ट वाढवत गेलात तरी टोकाच्या बोल्टवरचा भार त्या प्रमाणात उतरत नाही. ओझरला विमानं बांधणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक आहे, कारण अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या जोडात चीर आधी टोकाच्या रांगेतून निघते.

भोकांतली २ मिमीची ढिलाई हे आणखी बिघडवते. ज्या बोल्टला भोकाची कड आधी टेकली तो आधी भार घेतो, बाकीचे वाट पाहतात. साधं पोलाद थोडं दबतं आणि भार पुढे सरकवतं, म्हणून इमारतीच्या कामात शेवटच्या ताकदीसाठी समान वाटणी धरलेली चालते. पण तिथेही मर्यादा आहे. आयएस ८०० : २००७ मध्ये पहिल्या ते शेवटच्या बोल्टचं अंतर व्यासाच्या १५ पटीहून जास्त असेल तर ताकद १.०७५ − (अंतर ÷ २०० व्यास) नं गुणायची. एम१६ आणि ६०० मिमी अंतराला हा आकडा ०.८९ येतो. वारंवार बदलत्या भाराच्या जोडाला, म्हणजे व्हायब्रेटिंग चाळणी, प्रेस, क्रेनचा गर्डर यांना, समान वाटणीचा हिशोब लावू नका. तिथे मोजा.

१०. मग कातरबलाची वाटणी मोजायची कशी?

पट्टीवर, बोल्टांच्या मधोमध गेज लावून. पट्टीतला भार पहिल्या बोल्टआधी किती आणि नंतर किती, यातला फरक म्हणजे त्या बोल्टनं उचललेला हिस्सा.

१०० × १० मिमीच्या दोन सारख्या पट्ट्या, एका रांगेत तीन बोल्ट. पहिल्या बोल्टआधी ५०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे सुमारे १०२ किलोन्यूटन. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये ३१०, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये १९०, तिसऱ्यानंतर शून्य. वाटणी १९०, १२०, १९० : टक्क्यांत ३८, २४, ३८.

चुका दोन ठिकाणी होतात. एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांचा जोड ओढताना वाकतो, म्हणून गेज पट्टीच्या दोन्ही बाजूंना हवंच आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. आतली बाजू दुसऱ्या पट्टीखाली जाते. तिथे गेजपुरती १ मिमी खोल खाच करून वायर कडेला काढा. दुसरी चूक म्हणजे रुंदीभर ताण सारखा धरणं. बोल्टच्या मागच्या सावलीत तो कमी असतो आणि कडांना जास्त. रुंदीत निदान तीन गेज लावा, एकावर विसंबू नका.

जोड घट्ट आवळलेला असेल तर सुरुवातीला सगळा भार घर्षणातून जातो आणि बोल्ट भोकाला टेकतच नाही. घसरण झाली की रीडिंग एकदम उडी मारतात. उडीच्या आधीची आणि नंतरची वाटणी वेगवेगळी लिहा.

११. फ्लॅन्जचे आठही बोल्ट गोलात एकामागून एक आवळले. शेवटी पहिला हातानं फिरतो. असं का?

पुढचा बोल्ट फ्लॅन्ज आणि गॅस्केट आणखी दाबतो, त्यामुळे आधीच्याची ओढ सैलावते. गॅस्केट जितकं मऊ तितकं हे जास्त. क्रम १-५-३-७-२-६-४-८ असा समोरासमोर धरा. ३० टक्के, ७० टक्के, १०० टक्के अशा तीन फेऱ्या, आणि शेवटी १०० टक्क्यांवर गोलात फेरी, नट हलायचा थांबेपर्यंत. गेज लावलेले बोल्ट असतील तर प्रत्येक नटनंतर आठही रीडिंग नोंदवा. आठ ओळी, आठ रकाने. त्या तक्त्यातून कोणता बोल्ट कोणाला सैल करतो हे स्पष्ट दिसतं.

१२. संध्याकाळी ६५ किलोन्यूटन होते, सकाळी ५९. बोल्ट सुटला का?

नट फिरला नसेल तर नाही. आट्यांची आणि वॉशरखालची खडबडीत टोकं दबतात आणि पहिल्या काही तासांत ५ ते १० टक्के ताण उतरतो. आखूड बोल्टला हा तोटा जास्त, कारण त्याची एकूण लांबी वाढलेलीच थोडी असते. जोडाच्या तोंडावर रंगाचे थर असतील तर आणखी उतरतो. तिथला रंग खरवडून काढा. घर्षणाच्या जोडात तर रंग सोडाच, नुसता शॉट ब्लास्ट न केलेला पृष्ठभागही महाग पडतो : आयएस ८०० मध्ये कोणतीही प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागाचा घसरण गुणांक ०.२० आणि शॉट ब्लास्ट केलेल्याचा ०.५०.

आधी मात्र तापमान तपासा. त्याच बॅचचा एक सैल बोल्ट गेज लावून शेजारी ठेवा. त्याचंही रीडिंग तेवढंच उतरलं असेल तर तो गारव्याचा परिणाम.

१३. समोरासमोरच्या दोन गेजमध्ये एक १,९०० आणि दुसरं १,३०० दाखवतं. कोणतं खरं?

दोन्ही. सरासरी १,६०० हा ताण, आणि फरकाचा निम्मा, ३००, हे वाकणं. म्हणजे बोल्टची एक बाजू १९ टक्के जास्त ताणलेली आहे. बहुतेक वेळा कारण नटखालची तिरपी बैठक असते. आयएसएमसी चॅनेलचा (इंग्रजी C आकाराच्या पोलादी तुळईचा) फ्लॅन्ज, म्हणजे कडेची पट्टी, आतून तिरका असतो. तिथे टेपर वॉशर न घालता साधा वॉशर घातला की हेच होतं.

पातळ टोकपट्टीत वेगळं कारण असू शकतं. पट्टी वाकून तिची कड टेकू होते आणि बोल्टवर बाहेरच्या ओढीपेक्षा जास्त भार येतो. सगळ्या बोल्टांच्या ताणातली वाढ मिळून ओढीपेक्षा जास्त भरत असेल तर हेच समजा. पट्टी जाड करा किंवा बोल्ट वेबच्या (तुळईच्या मधल्या उभ्या पट्टीच्या) जवळ आणा.

१४. खांबावरच्या ब्रॅकेटला चार बोल्ट आहेत, भार बाजूला लटकतो. कोणत्या बोल्टांना गेज लावू?

भाराकडच्या बाजूचे दोन. आडवं अंतर १२० मिमी, उभं १६० मिमी, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बोल्ट १०० मिमीवर. मध्यापासून २५० मिमीवर २० किलोन्यूटन लटकतात. सरळ वाटणी प्रत्येकी ५. पण पिळामुळे प्रत्येकावर आणखी १२.५ येतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना. बेरीज केली की भाराकडच्या बोल्टांवर १६ आणि पलीकडच्यांवर १०.३. भागाकार करून ५ धरणारा तिप्पट चुकतो. हे कातरबल आहे, म्हणून पट्टीवर गेज, प्रश्न १० प्रमाणे. ब्रॅकेटच्या पट्टीत ताण तिरका वाहतो, तेव्हा तीन दिशांचं रोझेट गेज घ्या.

१५. तांब्याच्या बसबारच्या (मोठा करंट वाहणाऱ्या जाड पट्टीच्या) जोडालाही हेच लागू का?

आवळण्याचं गणित तेच, पण तापमानाचं वेगळं. दर अंशाला दहा लाखात पोलाद १२ नं वाढतं, तांबं १७ नं, अॅल्युमिनियम २३ नं. बार तापला की बोल्टचा ताण वाढतो, मऊ धातू दबतो, थंड झाल्यावर ताण पहिल्यापेक्षा कमी राहतो. दर फेरीत थोडा थोडा. म्हणून थंड जोडावरचं एकच रीडिंग पुरत नाही : पूर्ण करंटवर तापमान स्थिरावेपर्यंत चालवा, थंड करा, असं निदान दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी थंड आणि गरम दोन्ही आकडे घ्या. बेलेव्हिल वॉशर (बशीच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर) घातलेला एक बोल्ट आणि साधा एक, शेजारी शेजारी ठेवून मोजले तर फरक तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच दिसायला लागतो. चालू बारवर बोल्टच्या पोटातलं गेज लावायचं असेल तर मापनयंत्र बॅटरीवर चालणारं आणि जमिनीपासून तोडलेलं हवं. त्याहून चांगलं म्हणजे मोठा करंट, पण काही व्होल्टच देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर बेंचवर चाचणी घ्या.